पाळी, हार्मोन आणि गर्भपिशवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत येतात, फोनवर येतात, आणि बरेचदा "एका मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हणून येतात. मैत्रिणीलाही हीच उत्तरं लागू आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. निम्म्या प्रश्नांची सुरुवात "सोनोग्राफीत असं आलंय" अशी होते. मी मात्र आधी पाळीच्या तारखा विचारते, कारण रिपोर्टवरचा शब्द आणि बाईचा त्रास यांची गाठ पडतेच असं नाही.

१. दर महिन्याला पाळीची तारीख बदलते. म्हणजे माझी पाळी अनियमित आहे का?

नाही. पाळी कॅलेंडरच्या तारखेला बांधलेली नसते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. मोठ्या बाईत हे अंतर २१ ते ३५ दिवसांत असेल आणि रक्तस्राव आठवड्याभरात थांबत असेल, तर पाळी ठीक आहे. एका महिन्यात २७ आणि पुढच्यात ३१ दिवस आले, तरी त्याला आजार म्हणत नाहीत. लग्नघर, परीक्षा, रात्रपाळी किंवा ताप यामुळे एखादा महिना हलतो. सलग तीन-चार वेळा गणित बिघडलं, तर तारखा लिहून घेऊन या. दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर चालेल, त्यात पाळीची खूण करायला कुणाची परवानगी लागत नाही.

२. रक्त "जास्त" जातंय हे ओळखायचं कसं? आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं.

"सगळ्यांनाच जातं" या वाक्याने खूप जणींचं हिमोग्लोबिन खाल्लं आहे. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की जास्त म्हणत. म्हणजे जवळपास एक कटिंग चहा. पण घरी कोण मोजणार? म्हणून आता साधे प्रश्न विचारतात: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रात्री उठून बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का, आठ दिवसांपुढे जातं का, डाग पडेल म्हणून कामाला दांडी होते का. यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर तपासणी हवी.

पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. जिना चढताना लागणारी धाप, गळणारे केस, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे सगळं याच खात्यात बसतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. मुलीला अगदी पहिल्या पाळीपासूनच भरमसाट जात असेल, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा साध्या मारानेही काळंनिळं पडत असेल, तर दोष पिशवीत नसून रक्त गोठण्याच्या क्रियेत असू शकतो. अशा मुलीच्या नुसत्या सोनोग्राफ्या करत बसण्यात वर्षं जातात.

३. सोनोग्राफीत "पीसीओडी" आलंय. पीसीओएस वेगळं असतं का? ओव्हरीतल्या (बीजकोशातल्या) गाठी काढाव्या लागतील?

पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज म्हणजे पीसीओडी आणि पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजे पीसीओएस. आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात. पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर, असं जे सांगितलं जातं त्याला आधार नाही. आणि त्या गाठीही नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेली बारीक बीजं आहेत ती, काढण्यासारखं तिथे काही नसतं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा नजर ओव्हरीवर होती, म्हणून नाव ओव्हरीचं पडलं. मूळ बिघाड मात्र हार्मोन आणि इन्सुलिनचा आहे.

२००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष थोड्याफार बदलांसह आजही वापरले जातात. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं किंवा रक्ताचा रिपोर्ट), आणि सोनोग्राफीत तशा दिसणाऱ्या ओव्हरीज. म्हणजे पाळी वेळेवर आहे, केस-मुरुमांचा त्रास नाही आणि फक्त सोनोग्राफीत तो शब्द आलाय, तर तुम्हाला पीसीओएस नाही. निदान करण्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) हेही तपासायला हवं (प्रश्न ८).

४. मुलगी चौदा वर्षांची आहे, पाळी दोन-दोन महिन्यांनी येते. तिला पीसीओएस आहे का?

पाळी सुरू होऊन पहिलंच वर्ष असेल तर हे अगदी नेहमीचं आहे. त्यानंतरची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. या वयात ओव्हरीज निसर्गतःच "तशा" दिसतात, म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. दहावीतल्या मुलीच्या फाइलवर हा शिक्का मारला, की तो तिच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत जातो. जरा धीर धरा. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी तीन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला, किंवा पंधरावं पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर मात्र दाखवा.

५. मी बारीक आहे. मग मला पीसीओएस कसं झालं? आणि मधुमेह नसताना मधुमेहाची गोळी का दिली?

पीसीओएस बारीक बाईलाही होतं. शिवाय आपण भारतीय वजनकाट्यावर बारीक दिसलो तरी पोटात चरबी धरून असतो. म्हणून आपल्यासाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणि कमरेची ८० सेंटिमीटरवर धरतात. मेटफॉर्मिन शरीराला इन्सुलिन नीट वापरायला लावते, म्हणून दिली जाते. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, जेवणाबरोबर घेतल्यावर कमी होतात.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. त्यासाठी भात सोडून ओट्सवर जगायची गरज नाही. ताटात उसळ वाढवा, पोळ्या-भात मोजून घ्या आणि रोज घाम येईल असं चाला. जिममध्ये किंवा शेतात वजन उचलणंही उपयोगी आहे. साखर मात्र तपासत राहा, उपाशीपोटीची एकटी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी जास्त खरं सांगते.

६. चार-चार महिने पाळी येत नाही आणि मला काही त्रासही नाही. उलट सोयच आहे. न आली तर बिघडतं काय?

दिवस राहिलेले नाहीत ना, हे आधी पाहा. लग्न झालेलं असो वा नसो. मग कारण शोधा. पीसीओएसमध्ये बीज फुटत नाही, त्यामुळे पिशवीचं अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन चालू राहतं आणि ते वेळेवर झडवणारं प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी अस्तर झडायला हवं, आपोआप किंवा गोळीने.

याउलट गर्भनिरोधक गोळ्यांवर किंवा हार्मोनच्या तांबीवर (पिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं साधन) पाळी कमी झाली किंवा थांबली, तर काळजी नको. तिथे अस्तर जाड होतच नाही. "रक्त आत साचतंय" हा समज चुकीचा आहे.

७. पीसीओएस असेल तर मूल होणार नाही का?

बहुतेकींना होतं. कित्येकींना काहीच औषध लागत नाही. बीज उशिरा फुटतं, कधी फुटतच नाही, म्हणून वेळ लागतो. लेट्रोझोल ही आज बीज फुटण्यासाठीची पहिली पसंतीची गोळी आहे. भारतात २०११ मध्ये या कारणासाठी तिच्यावर बंदी आली होती, २०१७ मध्ये ती उठली. "बंदी असलेली गोळी दिली" अशी भीती काहींच्या मनात अजून आहे, ती सोडा. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग दाखवा. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर तेवढंही थांबू नका. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. थोडक्या पैशांचं काम असतं, पण सुनेच्या दोन लॅप्रोस्कोप्या (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासण्या) झाल्यानंतर ते कुणाला तरी आठवतं.

८. थायरॉईडचा पाळीशी काय संबंध? आणि दूध पाजत नसताना छातीतून दूध येतं, ते कशामुळे?

थायरॉईड कमी पडलं की पाळी लांबते किंवा जास्त जाते. वाढलं की पाळी कमी होते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा. तिन्ही गोळ्या एकत्र गिळून "डोस वाढतच चाललाय" अशी तक्रार करणाऱ्या बाया मला दर आठवड्याला भेटतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने टीएसएचचा (थायरॉईडच्या तपासणीचा) आकडा खोटा येऊ शकतो.

दूध येणं म्हणजे बरेचदा प्रोलॅक्टिन वाढणं. त्याचं कारण मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीची बारीक गाठ असू शकतं आणि ती बहुधा गोळीने आटोक्यात येते. थायरॉईड कमी असणं हेही एक कारण. पण आधी तुमची औषधं पाहा. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन असतं आणि ते प्रोलॅक्टिन वाढवतं. वर्षभर रोज सकाळी ती घेणाऱ्या बाईचा मेंदूचा एमआरआय करण्यापेक्षा कॅप्सूल थांबवून पाहणं स्वस्त पडतं. डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर मात्र एमआरआय लगेच.

९. पाळीत पोट इतकं दुखतं की उलट्या होतात. आई म्हणते, लग्न झालं की थांबेल.

लग्न हे औषध नाही. पहिल्या एक-दोन दिवसांचं, गोळीने थांबणारं दुखणं साधं. गोळी मात्र असह्य होण्याची वाट न बघता, पाळी लागतेय असं वाटताच काहीतरी खाऊन घ्या.

दुखणं वर्षागणिक वाढतंय, पाळीच्या चार-पाच दिवस आधीच सुरू होतंय, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी आत कळ येतेय, कॉलेज किंवा काम बुडतंय, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायला हवा. पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, ओव्हरीवर किंवा आतड्यांच्या आजूबाजूला वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या दहातल्या एकीला हा आजार असतो, आणि निदान व्हायला चार ते बारा वर्षं लागतात. ओव्हरीत जुनं रक्त साचून झालेल्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात, ती सोनोग्राफीत दिसते. पण सोनोग्राफी "नॉर्मल" आली म्हणून आजार नाही असं होत नाही. "रिपोर्ट चांगले आहेत, मनाचे खेळ आहेत" हे वाक्य ऐकून परत गेलेल्या मुली नंतर वंध्यत्वाच्या तक्रारीने येतात, आणि त्याचा मला राग येतो.

उपचारात वेदनाशामक, रोज घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या आणि निवडक वेळी लॅप्रोस्कोपी आहे. चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन पुन्हा पुन्हा करू नये. दर वेळी थोडी चांगली बीजंही जातात.

१०. पिशवीत तीन सेंटिमीटरची गाठ निघाली आहे. कॅन्सर होईल का? आणि "बल्की युटेरस" म्हणजे काय?

फायब्रॉइड ही स्नायूची साधी गाठ असते, तिचा कॅन्सर होणं फारच दुर्मीळ. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ आयुष्यभर गप्प बसते, तर आतल्या पोकळीत आलेली दीड सेंटिमीटरची गाठ महिन्याला पॅडची पाकिटं संपवते. ती दुर्बिणीने खालून काढता येते, पोट उघडावं लागत नाही. त्रास नसेल तर काही करायचं नाही. पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आक्रसतात. त्यानंतरही वाढत राहिली तर मात्र नीट तपासा.

"बल्की युटेरस" हे आकाराचं वर्णन आहे, आजाराचं नाव नव्हे. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच.

११. मूलबाळ झालंय, तर पिशवी काढूनच टाका असं डॉक्टर सांगतात. काढावी का?

आधी विचारा: आजाराचं नाव काय, आणि पिशवी न काढता काय काय करून झालं?

हा प्रश्न आपल्या राज्यात नुसता वैद्यकीय नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. घेतलेली उचल, खाड्याचा दंड, फडावर ना संडास ना पाणी, आणि वर "कॅन्सर होईल" ही भीती. पाळीच नको असं त्या बाईला का वाटलं, ते समजतं. अंगावरून पांढरं जातं एवढ्यावर ऑपरेशनचा सल्ला देणाऱ्याचं मात्र समजत नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राबवायला राज्यांना सांगितलं.

कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, पोटभर वाढलेल्या गाठी, खूप खाली आलेली पिशवी, ही काढण्याची रास्त कारणं. त्याआधी ट्रॅनेक्झामिक ॲसिडसारख्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत (पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल तर त्या चालत नाहीत), हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि पाच वर्षं चालणारी हार्मोनची तांबी आहे. ही तांबी खूप जणींचं ऑपरेशन वाचवते, तरी तिचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं. पंचेचाळिशीनंतर रक्त जास्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशन ठरवू नका. आणि "त्यासोबत ओव्हरीजही काढून टाकू" हे सहज म्हणून मान्य करू नका. पाळी जाण्याचं वय होण्याआधी त्या काढल्या तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

१२. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते. हाडं झिजून जातात का?

हाडं झिजून पांढरं जात नाही. पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं, तार सुटणारं पाणी जाणं ही बीज फुटल्याची खूण आहे. दह्यासारखं घट्ट आणि प्रचंड खाज असेल तर बुरशी, आणि ती वारंवार होत असेल तर साखर तपासा. माशासारखा वास असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर परत तेच. आतून अँटिसेप्टिकने धुऊ नका, त्याने त्रास वाढतो. संबंधानंतर रक्त दिसणं किंवा घाण वासाचं लालसर पाणी जाणं यासाठी पिशवीच्या तोंडाची तपासणी हवी, आणि तिशीनंतर ती त्रास नसतानाही करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात होते. मुलींसाठी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे.

१३. गौरी बसतात त्याच दिवशी माझी तारीख आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी चालेल का?

देवाला काय चालतं ते मला माहीत नाही, गोळीचं सांगते. नॉरएथिस्टेरॉन ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. वर्षातून एखाद्या वेळी निरोगी बाईला चालते. पण पायात गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर नाही. तिने गर्भ राहणं टळत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर सणाला मेडिकलमधून परस्पर आणून घेतली, तर पाळीचं जे होईल त्याला पुन्हा प्रश्न १ पासून सुरुवात करावी लागेल.

१४. माझं लग्न झालेलं नाही. डॉक्टर आतून तपासतील का?

तुमच्या होकाराशिवाय नाही. लघवी रोखून पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बहुतेक गोष्टी कळतात. संबंध आलेले असतील तर ते डॉक्टरांना एकांतात सांगा. आईला थोडा वेळ बाहेर बसवा, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. खरी माहिती मिळाली तर चार तपासण्या वाचतात.

१५. छत्तिसाव्या वर्षी पाळी बंद झाली. ही पाळी जाण्याचीच वेळ म्हणायची का?

नाही. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. चाळिशीच्या आत थांबली तर एफएसएच (ओव्हरीला चालना देणारं हार्मोन) तपासून ओव्हरी लवकर थकली आहे का ते पाहतात. थकली असेल तर पन्नाशीपर्यंत हार्मोन घेणं हाडांसाठी गरजेचं असतं. इथे "नैसर्गिक आहे, सोडून द्या" चालत नाही.

दोन कारणं हमखास निसटतात. एक, क्युरेटिंगनंतर पिशवी आतून चिकटणं. पिशवी साफ केल्यानंतर पाळी थेंबभर झाली किंवा आलीच नाही, तर हे सांगाच. दुसरं, पिशवीचा टीबी. खोकला नाही, ताप नाही, फक्त पाळी कमी होत गेली आणि मूल राहत नाही. अस्तराचा तुकडा तपासून निदान होतं, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

१६. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि काल एक डाग दिसला. एकच होता, तरी दाखवायचं का?

हो, याच आठवड्यात. बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतरचा एक थेंबही "पाळी परत आली" म्हणून सोडायचा नाही. दहातल्या साधारण नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं, कोरडेपणा किंवा छोटा कोंब. उरलेल्या एकीसाठी ही घाई आहे. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासतात.

१७. खोकलं की अंग बाहेर येतं. ऑपरेशनशिवाय काही आहे का?

आहे. सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम. जास्त असेल तर आत बसवायची रिंग, ती ठरावीक काळाने काढून धुवायची असते. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला आधी बरा करा, नाहीतर ऑपरेशननंतरही अंग पुन्हा उतरतं.

१८. रात्री-बेरात्री थेट दवाखाना कधी गाठायचा?

दोन तास सलग तासाला एक पॅड भिजत असेल तर. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या असतील तर, कारण ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांदा दुखतोय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, मग खाली रक्त थोडंसंच दिसत असलं तरी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून ही शक्यता सोडू नका. त्या ऑपरेशननंतर क्वचित दिवस राहिलेच, तर ते नळीत असण्याचा धोका जास्त असतो.

१९. पिशवी काढली, ओव्हरीज ठेवल्या. आता माझी पाळी "गेली" हे मला कळणार कसं?

रक्ताची खूण तर गेली, म्हणून बाकीच्या खुणांवर लक्ष ठेवायचं: अंगातून गरम वाफा, रात्री घाम, झोपमोड, कोरडेपणा. पंचेचाळिशीनंतर या खुणा पुरेशा आहेत, तपासणी सहसा लागत नाही. ओव्हरीज ठेवल्या तरी त्या एरवीपेक्षा दोन-चार वर्षं आधी थकू शकतात, म्हणून चाळिशीतच वाफा सुरू झाल्या तर प्रश्न १५ प्रमाणे तपासून घ्या. आणि ऑपरेशनच्या कागदावर पिशवीचं तोंड काढलं की ठेवलं, हे वाचून पाहा. ठेवलं असेल तर प्रश्न १२ मधली तपासणी चालू ठेवावी लागते, आणि महिन्याला एखादा डाग दिसू शकतो. हा कागद खूप जणींकडे नसतो, डिस्चार्ज घेतानाच मागून घ्या.